एसट्रेस: ईआयएनटीआर मुद्दाम घडवण्यासाठी चांगले, पण आंधळेपणाने नको

ईआयएनटीआर म्हणजे सिग्नल आल्याने सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलला केलेली विनंती) मधेच तुटल्याची त्रुटी. मल्टिथ्रेडेड टेस्टमध्ये सिग्नल नेमका रीड हा वाचनाचा कॉल अडकलेला असतानाच यावा, हे जुळवणे अवघड. एसट्रेस हे लिनक्सवर प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल टिपणारे साधन; त्याचा इंजेक्ट पर्याय हे काम कोडला हात न लावता करतो. रीडसाठी एरर=ईआयएनटीआर, व्हेन=३+५ दिले की तिसरा, आठवा, तेरावा कॉल फसतो. मोजणी प्रत्येक थ्रेडची वेगळी. सगळे थ्रेड पकडायला -एफ हा पर्याय हवाच, नाहीतर बाकीचे थ्रेड सुटतात.

फसवलेला कॉल कर्नलमध्ये मुळात चालतच नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. फाइल बंद करणाऱ्या क्लोज कॉलवर ही त्रुटी घातली तर डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) उघडाच राहतो. खऱ्या लिनक्सवर मात्र ईआयएनटीआर येईपर्यंत तो सुटलेला असतो. टेस्ट हिरवी करायला कोणी क्लोज पुन्हा करणारा लूप लिहिला, तर प्रत्यक्षात तोच आकडा मिळालेल्या दुसऱ्या थ्रेडची फाइल बंद होईल. म्हणून क्लोज यादीतून वगळाच.

फ्युटेक्स, म्हणजे लॉकसाठी थ्रेड थांबवणारा-उठवणारा कॉल, तोही वगळा. थांबणे आणि उठवणे एकाच कॉलमधून होते. उठवणारा कॉल गिळला गेला की प्रोग्रॅम लटकतो, आणि दोष आपल्या कोडचा नसतो.

एसए_रीस्टार्ट (सिग्नलने तुटलेला कॉल कर्नलने आपोआप पुन्हा सुरू करावा असे सांगणारा फ्लॅग) लावलेले असले तरी ही त्रुटी थेट प्रोग्रॅमपर्यंत पोचते, त्यामुळे रीडबाबत ही चाचणी वास्तवापेक्षा कडक आहे. पोल, ईपोल_वेट हे ठरावीक मुदतीपर्यंत घटनेची वाट पाहणारे कॉल मात्र त्या फ्लॅगनेही पुन्हा सुरू होत नाहीत. तिथे हे हत्यार अगदी चपखल. ईआयएनटीआर आल्यावर कोड पोल पुन्हा करतो का, हे लगेच कळते. अर्धवट राइट (दिलेल्यापैकी थोडाच डेटा लिहिला जाणे) तपासायला मात्र खरा पाइप आणि खरा सिग्नलच घ्या.