जुन्या ट्रकांसाठी मूळ घडणीचे नट-बोल्ट : उद्यमबागेतील एका दुकानाचा अनुभव

जुना ट्रक पुन्हा उभा करताना इंजिन आणि बॉडीची चर्चा पुष्कळ होते, पण काम खोळंबते ते बहुधा नट-बोल्टांपाशी. आमच्या खानापूरच्या घरचा १९६० च्या दशकातील टाटा-मर्सिडीज आणि निपाणीच्या एका स्नेह्यांकडील, एकेकाळी तंबाखूची पोती वाहिलेला फार्गो, या दोन्ही गाड्यांसाठी बेळगावच्या उद्यमबागेतील ज्या दुकानाचा खरा उपयोग झाला, त्याविषयी हे लिहीत आहे. मालकांच्या इच्छेनुसार दुकानाचे नाव दिलेले नाही.

या दोन गाड्यांचे बोल्ट एकमेकांना चालत नाहीत. टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) १९५४ साली डाइम्लर-बेंझशी सहकार्य करून ट्रक बांधायला घेतले आणि ते सहकार्य १९६९ पर्यंत टिकले. त्यामुळे टाटा-मर्सिडीजचे आटे मिलिमीटरच्या मापाचे आहेत. फार्गो ही क्रायस्लरच्या घराण्यातील, मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बांधलेली गाडी, म्हणून तिचे आटे इंची आणि बारीक आहेत. तीन सुती, म्हणजे ३/८ इंची बोल्ट घेतला तर अमेरिकी बारीक आट्यात इंचाला २४ आटे असतात, ब्रिटिश बारीक आट्यात २० आणि जाड आट्यात १६. अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची बोल्ट तर अधिकच फसवा आहे, कारण त्याची जाडी ८ मिलिमीटरच्या अगदी जवळ असल्यामुळे मिलिमीटरचा नट त्यावर एखादा फेरा बसतो आणि मग अडकतो. तिथे पान्ह्याने जोर लावला की दोन्हीकडचे आटे गेलेच म्हणून समजावे.

दुकानात शिरल्यावर मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘नमुना आणलाय काय?’ नमुना नसेल तर ते बोल्ट देत नाहीत. नमुना असेल तर तो घासून स्वच्छ करतात, आट्यांवर गेज लावतात, जाडी मोजतात आणि मगच डबा उघडतात. दुसऱ्या एका बाजारात आम्हाला केवळ नजरेच्या अंदाजाने इंची म्हणून मिलिमीटरचे बोल्ट देण्यात आले होते. त्या अनुभवानंतर इथली पाच मिनिटांची मोजणी फार मोलाची वाटली.

मूळ रूप जपू पाहणाऱ्यांसाठी बोल्टाच्या डोक्याचे माप महत्त्वाचे असते. जुन्या जर्मन मानकानुसार १० मिलिमीटरच्या बोल्टाला १७ चा पान्हा लागतो आणि १२ च्या बोल्टाला १९ चा. नव्या आंतरराष्ट्रीय मानकात हीच मापे १६ आणि १८ झाली आहेत. बाजारात दोन्ही मिळतात आणि अनेकदा मिसळूनच मिळतात. या दुकानात १७ आणि १९ ची डोकी वेगळी काढून ठेवलेली आहेत, ही गोष्ट जुन्या गाडीवर माया असणाऱ्यालाच सुचू शकते.

माझ्या मते या दुकानाचा सर्वांत मोठा गुण नकार देण्यात आहे. बोल्टाच्या डोक्यावरचे ८.८ किंवा १०.९ हे ताकदीचे आकडे जुन्या रूपाला शोभत नाहीत, म्हणून ते घासून द्यावेत अशी विनंती मी केली होती. बॉनेट, मडगार्ड आणि केबिनच्या पत्र्यासाठी त्यांनी ती मान्य केली. मात्र स्टीअरिंग, ब्रेक आणि पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) यू-बोल्ट यांच्या बाबतीत ठाम नकार दिला, कारण आकडा पुसलेला बोल्ट पुढच्या मेकॅनिकला कच्चा आहे की पक्का, हे कळणार नाही. चकाकणारा पिवळा झिंकचा मुलामाही जुन्या चॅसीवर उपरा दिसतो. त्याऐवजी ते फॉस्फेटचा काळा थर देतात. १०.९ सारख्या कडक पोलादाच्या बोल्टांवर विजेने मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते आणि नंतर भट्टीत तापवून तो काढावा लागतो. हे सारे त्यांनी न विचारता समजावून सांगितले.

उणिवाही आहेत. फॉस्फेटचे काम बाहेरून करून आणतात आणि पुरेसा माल जमल्याशिवाय पाठवत नाहीत, त्यामुळे दिलेली तारीख पुढे जाते. लेथवर खास बनवून घेतलेले कॅसल नट (पिन अडकवण्यासाठी वरच्या कडेला खाचा असलेले नट) तयार मालापेक्षा बरेच महाग पडतात. अर्थात त्यांची स्प्लिट पिनची भोके आणि खाचा नेमक्या जुळल्या, म्हणून ती किंमत मला योग्य वाटली. पोस्टाने माल मागवण्याची सोय नाही. चिकोडी किंवा संकेश्वरहून येणाऱ्यांनी सगळे नमुने एकदाच, प्रत्येक जागेची चिठ्ठी बांधून आणावेत.

फार्गोच्या डाव्या चाकांचे उलट्या आट्यांचे स्टड (चाक धरून ठेवणारे खिळे) मात्र अद्याप मिळालेले नाहीत. चाकाचे स्टड साध्या सळईतून लेथवर काढून देणे त्यांना मान्य नाही आणि त्यांचे म्हणणे मला पटते. आमचा नमुना त्यांनी ठेवून घेतला असून जुना, न वापरलेला साठा कोठे आहे का, याची ते चौकशी करीत आहेत.