नवाकोरा पीसी चालूच होत नव्हता, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या काकांनी कारण काढून हातात दिलं

रिव्ह्यू लांब होणार आहे, पण ज्यांचा नवीन जोडलेला पीसी बटण दाबल्यावर गप्प बसलाय त्यांनी पूर्ण वाचा, कारण ज्या गोष्टीपायी आमचे सहा दिवस गेले आणि घरात जेवण गोड लागत नव्हतं ती या दुकानात तासाभरात सापडली.

धाकटी बहीण आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिचा लॅपटॉप थ्रीडी रेंडर लावला की मान टाकायचा. वर्षभर पैसे साठवले आणि मी म्हटलं मीच जोडून देतो. रायझन ५ ५६००जी सीपीयू, बी५५० चा फुल एटीएक्स म्हणजे पूर्ण मापाचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्याला वीज देणारा डबा) आणि एक साधं कॅबिनेट. रविवारी सकाळी बसलो, दुपारपर्यंत सगळं जोडून झालं, आईने नारळ पण आणून ठेवला होता. बटण दाबलं तर सीपीयूचा फॅन पाव फेरा फिरला, एसएमपीएसमधून टक् असा आवाज आला आणि संपलं. परत दाबलं तर तेवढंही नाही. मागचं स्विच बंद करून थोडं थांबून परत लावलं की परत एकदा पाव फेरा, टक्, शांत. बोर्डवरचा छोटा दिवा मात्र लागलेला, म्हणून अजूनच डोकं चालेना.

बोर्ड जिथून घेतला त्यांना फोन केला तर म्हणे बोर्ड डेड आहे, परत पाठवा, पंधरा-वीस दिवस लागतील. इथे साताऱ्यात एकाकडे नेला, त्याने बाजूचं पॅनल पण न उघडता सांगितलं की बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही बदला. बहिणीचं सबमिशन तोंडावर होतं, ती काही बोलली नाही पण रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू असायचा, आणि मला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटत होतं.

ऑफिसमधल्या एकाने हे दुकान सांगितलं. शनिवारी कॅबिनेट चादरीत गुंडाळलं, एसटीत मांडीवर घेतलं, खंबाटकी घाटात दोघांनी दोन्हीकडून धरलं, स्वारगेटला उतरून रिक्षाने बुधवार पेठेत. तपकीर गल्लीत शनिवारी पाय ठेवायला जागा नसते, त्यात हे दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. जड सामान असेल तर सोबत माणूस न्याच.

काकांनी कॅबिनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले, कुणी पहिल्यांदाच काहीतरी विचारत होतं. दिवा लागतो का, फॅन अजिबात हलत नाही की हलून थांबतो, आवाज कुठून येतो, स्विच बंद करून थांबल्यावर परत हलतो का. आणि मग, कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत होत्या! आम्हाला वाटलं नवीन आहे म्हणून असेल. ते म्हणाले घराचं अर्थिंग नाहीये किंवा तुटलंय, एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो, त्याला जमिनीत जायला वाट लागते, वायरमनला बोलवून आधी ते करून घ्या, पण पीसी चालू न होण्याचं कारण ते नाही.

पुढे त्यांनी एकेक गोष्ट क्रमाने बाद केली आणि प्रत्येक वेळी बहिणीला बघायला लावलं. आधी स्वतःची पॉवर कॉर्ड लावून पाहिली, तसंच. मग २४ पिनचा कनेक्टर बोर्डमधून काढला, यू-क्लिप सरळ करून १६ नंबरची पिन (एसएमपीएसला 'चालू हो' सांगणारी) आणि शेजारची ग्राउंडची पिन जोडली, म्हणजे बोर्डशिवाय एकटा एसएमपीएस चालू होतो का ते कळतं. पूर्वी यातली एक वायर हिरवी आणि दुसरी काळी असायची, आता बऱ्याच एसएमपीएसला सगळ्याच काळ्या येतात म्हणून पिना मोजाव्या लागतात, आणि ज्याला मोजता येत नाहीत त्याने घरी हा उद्योग करू नये असं त्यांनी तिथेच बजावलं. एसएमपीएसचा फॅन लगेच फिरायला लागला. मीटरचे प्रोब बहिणीच्या हातात दिले आणि म्हणाले, "वाच बाळा, किती दाखवतंय?" १२.१. बारा व्होल्टच्या लाइनला ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं, म्हणजे एसएमपीएस ठणठणीत. जो आम्हाला बदलायला सांगितला होता तोच.

मग बोर्ड बाहेर काढला, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. फक्त सीपीयू, कूलर आणि रॅमची एकच स्टिक, ती पण सीपीयूकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये. २४ पिन आणि सीपीयूची ८ पिन लावली. कॅबिनेटचं बटण वापरलंच नाही, बोर्डच्या कडेला पॉवर स्विचच्या दोन पिना असतात त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं आणि फॅन फिरला आणि फिरतच राहिला. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असल्यामुळे बोर्डलाच एचडीएमआय लावली, थोड्या वेळाने स्क्रीनवर बायोस, म्हणजे बोर्डचं स्वतःचं सेटिंगचं पान आलं. बहिणीने माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला.

म्हणजे डेड ठरवलेला बोर्ड जिवंत, एसएमपीएस चांगला, मग घोडं अडलं कुठे? काकांनी रिकाम्या कॅबिनेटमध्ये टॉर्च मारला आणि तिला म्हणाले बोर्डची स्क्रूची भोकं मोज. ९. आता पितळी स्टँडऑफ मोज, म्हणजे बोर्डला पत्र्यापासून वर उचलून धरणारे छोटे खांब. ११.

मला तिथेच कळलं. कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ मायक्रो एटीएक्स म्हणजे छोट्या मापाच्या बोर्डच्या जागी लावून आले होते, मी पिशवीतले काढून फुल एटीएक्सच्या भोकांना लावले पण आधीचे काढायचे राहिले. त्यातला एक बोर्डच्या पाठीला बरोबर ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटखाली टेकत होता, तिथल्या सोल्डरच्या टाक्यांच्या टोकांना. काकांनी बोर्ड उलटा करून भिंग दिलं, तीन टाके बाकीच्यांपेक्षा चपटे आणि चकचकीत, शेजारी हिरव्या थरावर बारीक अर्धगोल ओरखडा, स्टँडऑफच्या काठाच्या मापाचा. स्लॉटला १२ व्होल्ट येतात, ते पितळेतून थेट कॅबिनेटच्या पत्र्यात उतरत होते, म्हणून एसएमपीएस शॉर्ट ओळखून स्वतःला बंद करायचा आणि मागचं स्विच पाडून थांबेपर्यंत परत उठायचा नाही. तो टक् आवाज आणि पाव फेरा हेच सांगत होता, सहा दिवस.

दोन्ही जास्तीचे स्टँडऑफ पान्याने काढले आणि परत जोडणी बहिणीकडून करून घेतली. काम चालू असताना तिला सांगत होते, काही लोक ग्राफिक्स कार्डची ८ पिन सीपीयूच्या जागी दाबून बसवतात, दोन्ही ८ पिन असल्या तरी त्यांचं वायरिंग वेगळं असतं. आणि मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणाऱ्या एसएमपीएसच्या केबल एका कंपनीच्या दुसऱ्याला कधीच लावायच्या नाहीत, कनेक्टर बसतो पण आत पिना वेगळ्या असू शकतात, हार्ड डिस्क जळू शकते. अशा दोन जळालेल्या डिस्क त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहेत, दाखवल्या.

चार्ज ३०० रुपये. मी ५०० ठेवले तर २०० परत दिले, पार्ट काही लागलाच नाही म्हणाले. इतकं प्रामाणिक आणि समजावून काम मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही.

खटकलं तेही लिहितो. फोन उचलत नाहीत, आमचे चार कॉल गेले. उभं राहायला दोन माणसांची जागा, नंबर येईपर्यंत दीड तास जिन्यात थांबलो, वयस्कर माणसाला ते जमणार नाही. बिल हाताने लिहिलेलं मिळतं आणि मागितलं तरच. वॉरंटीच्या भांडणासाठी तपासणीचा लेखी रिपोर्ट हवा असेल तर तो इथे होणार नाही. स्क्रू आणि स्टँडऑफची पिशवी, बोर्डचं खोकं आणि मॅन्युअल सोबत न्या, तिघांचाही उपयोग झाला.

परत जाताना शेवटची एसटी मिळाली. रात्री पावणेबाराला घरी पोचलो, आई जागीच होती. बहिणीने वायर लावली, मागचं स्विच टाकलं आणि बटण दाबायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं तूच दाब. पहिल्याच दाबाला चालू झाला, आणि नारळ मग त्याच रात्री फोडला.