पाढ्यांच्या सरावाला फोनवरचं अ‍ॅप की टक्स मॅथ?

पाढे पाठ करायला सॉफ्टवेअर लागत नाही. आमच्या घरी दिवेलागणीला शुभंकरोति झालं की आजी नातीकडून ते म्हणवून घेतेच. अडतं पुढे. सातचा पाढा घडाघडा येतो, पण मध्येच ‘सात आठे किती?’ विचारलं की पोरगी सात एकेपासून चढत येते. असं उलटसुलट विचारायला रोज कोण बसणार, म्हणून सॉफ्टवेअर.

मी दोन गोष्टी वापरून पाहिल्या. एक, फोनवरचं फुकट मराठी अ‍ॅप; अशी ढिगानं आहेत, त्यामुळे नावात शिरत नाही. दुसरं, जुन्या लॅपटॉपवर टक्स मॅथ हे गणिताच्या खेळाचं सॉफ्टवेअर. तेही मोफत, आणि जाहिराती अजिबात नाहीत. आमच्याकडे देवगडला पावसात रेंजचा भरवसा नसतो, पण दोन्ही नेटशिवाय चालतात, तेव्हा त्यावरून निवड करायचं कारण नाही.

अ‍ॅपची बाजू आधी. मराठी आवाज, देवनागरी आकडे आणि तीसपर्यंतचे पाढे. टक्स मॅथमध्ये आकडे इंग्रजी, मराठी आवाज नाही. मराठी माध्यमातल्या दुसरीच्या मुलाला हे जड जाऊ शकतं, हे मान्य.

पण अ‍ॅपमधले ते चार पर्याय! १७ × ८ विचारलं आणि खाली १३१, १३६, १४०, १४५. आमच्या बाईसाहेबांनी दोन-चार दिवसांतच ओळखलं की सतराचा पाढा यायची गरजच नाही. सात आठे छप्पन्न, म्हणजे शेवटी ६ हवा, की लावलं बोट. टाळ्या, फुगे, शंभरपैकी शंभर. तेच जेवताना तोंडी विचारलं तर छताकडे बघते. हुशारीचं कौतुक वाटलं, पण सराव होत होता तो एकम स्थान ओळखण्याचा. पर्याय बंद करायची सोय मला तरी सापडली नाही.

टक्स मॅथमध्ये वरून गुणाकार घेऊन धूमकेतू पडतात, खाली पेंग्विनांची बर्फाची घरं. उत्तर स्वतः टाइप करून एंटर दाबायचं. तुक्क्याला फारशी जागा नाही. जे चुकतं ते पुन्हा विचारलं जातं. घाईनं रडकुंडीला येणारं मूल असेल तर सुरुवातीला वेग कमी ठेवा. सेटिंगची फाइल साध्या मजकुराची आहे, त्यात कुठल्या आकड्यापासून कुठपर्यंत विचारायचं तेही बदलता येतं. आम्ही बारावर जास्त भर दिला, कारण आंब्याच्या घरात डझनाशिवाय पान हलत नाही. पाच डझनाची पेटी म्हणजे साठ हे तिला चटकन यायला हवं. पावकी-दिडकी मात्र इथे विसरा.

आणखी एक, अगदी घरगुती कारण. एप्रिल-मेमध्ये माझा फोन पेट्यांच्या ऑर्डरींतून सुटत नाही. लॅपटॉप तेव्हा रिकामाच असतो. घरात फक्त फोनच असेल तर अँकीड्रॉइड या प्रश्न-उत्तरांच्या कार्डांच्या अ‍ॅपमध्ये स्वतः कार्डं बनवून उत्तर टाइप करायला लावता येतं. खेळाची मजा नाही, पण चार पर्यायांपेक्षा बरं, असं माझं मत.

टक्स मॅथ घेतलंत आणि साधे गुणाकार जमू लागले की ‘७ × ? = ५६’ हा प्रकार चालू करा. पुढे भागाकार शिकवताना फार सोपं जातं.