मुलांच्या स्विम मीट: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

न्यू जर्सीत नऊ वर्षांच्या लेकीला स्विमिंग क्लबात घातलं, त्याला आठ महिने झाले. तेवढ्यात सहा मीट, म्हणजे पोहण्याच्या स्पर्धा, झाल्या. पहिल्या वेळी वाटलं होतं, तासाभराचं काम असेल. साडेसहाला वॉर्म-अप, आठला पहिली शर्यत, आणि तिन्ही शर्यती मिळून ती पाण्यात होती जेमतेम अडीच मिनिटं! बाकी सगळी वाट बघणं. डबा, दोन टॉवेल आणि सुके कपडे हवेतच.

हीट म्हणजे एका वेळी पोहणारा मुलांचा गट. कोण कुठल्या हीटमध्ये, कुठल्या लेनमधून पोहणार त्याची यादी, म्हणजे हीट शीट, हाती आली की तिच्या हातावर मार्करने रकाने आखते: इव्हेंट, हीट, लेन, स्ट्रोक. '१४, ३, ५, ५० फ्री' (फ्री म्हणजे फ्रीस्टाइल) एवढं लिहिलेलं असलं की ती आपली आपण ब्लॉकमागे, म्हणजे उडी मारायच्या ओट्यामागे, जाऊन उभी राहते. त्या सकाळी हाताला खोबरेल लावू नका, शाई धरत नाही.

हीटचं गणित कळायला मला दोन मीट लागल्या. आधीच्या टायमिंगवरून मुलं लावतात. सावकाश पोहणारी आधी, सगळ्यात वेगवान हीट शेवटी. निकाल मात्र सगळ्या हीट एकत्र करून लागतो. तिसऱ्या मीटला लेक हीटमध्ये पहिली आली, आम्ही स्टँडमध्ये उड्या मारल्या, आणि यादीत ती एकविसावी! पण स्वतःचीच वेळ चार सेकंदांनी मोडली होती. मी ती यादी जपून ठेवली आहे.

ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. तिचा उजवा हात आधी लागला, पंचांनी हात वर केला, डीक्यू, म्हणजे शर्यतीतून बाद. वेळ धरलीच नाही. "आई, पण मी शेवटपर्यंत पोहले ना?" म्हणून ती रडली आणि मला काय बोलावं सुचेना. पुढच्या प्रॅक्टिसला कोचने तिच्याकडून वीस वेळा दोन्ही हात टेकवून घेतले. त्यानंतर ती चूक झालेली नाही.

एका मीटला मात्र घोषणा न करताच क्रम पुढे सरकवला आणि तिची हीट हुकली. पालकांना डेकवर, म्हणजे तलावाच्या काठावर, मज्जाव, त्यामुळे वरून नुसतं बघत राहिले. त्याचा राग अजून आहे.

म्हणून चौथ्या मीटपासून मी टायमर म्हणून नाव देते. तुम्हीही द्या, अगदी मनापासून सांगते. लेनमागे आम्ही दोघं-तिघं स्टॉपवॉच घेऊन उभे असतो. भोंग्याच्या आवाजावर नाही, स्टार्टच्या दिव्यावर बटण दाबायचं, कारण उजेड आवाजाआधी पोचतो. शेवटी पुढे वाकून भिंतीकडे डोळे लावायचे. चपला भिजतात, तोंडावर पाणी उडतं, चार तास कसे जातात कळत नाही. मागच्या शनिवारी माझ्या लेनमधला एक पोरगा पाण्यातूनच धापा टाकत विचारत होता, "किती?" मी घड्याळ त्याच्यासमोर धरलं. ५१.४. त्याने दोन्ही मुठींनी पाण्यावर थापा मारल्या आणि मी पुन्हा नखशिखांत भिजले.