इंजिनात बसवतो म्हणाले

मी रत्नागिरी स्टेशनवर रिक्षा चालवतो. इंजिनात बाहेरच्या माणसाला असंच कोणी चढवत नाही, हे मला दुसऱ्याने शिकवायला नको. तरी फसलो.

भाचा नऊ वर्षांचा, इथल्याच काळबादेवी गावात असतो. दोन वर्षांपूर्वी ब्लड कॅन्सर निघाला आणि ताई-भावोजींच्या मुंबईला परळच्या हॉस्पिटलात फेऱ्या सुरू झाल्या. पोराला गाड्यांचं भारी वेड. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, हे त्याने तिथल्या डॉक्टरांनाही ऐकवलंय. मांडवी एक्सप्रेसच्या इंजिनात बसून तो बोगदा पार करायचा, एवढंच त्याचं मागणं.

उपचाराला मदत मागणारा मेसेज आम्हीच गावभर फिरवला होता. त्यात नाव, आजार, ताईचा मोबाइल, सगळं. त्यावरूनच तो फोन आला असणार. आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणारी संस्था म्हणे. दोघं गाडी घेऊन आले, गळ्यात ओळखपत्रं, हातात फ्लेक्स. नाव एका खऱ्या, मोठ्या संस्थेसारखंच, एका अक्षराचा फरक. पोराला ड्रायव्हरची टोपी घातली, मास्क खाली करायला लावून फोटो काढले. ताई म्हणाली, "दादा, वायच चौकशी कर." मी म्हटलं, देवासारखी माणसं आलीत, कसली चौकशी?

नोंदणीचे २,१०० मी दिले. मग रेल्वेचं डिपॉझिट ६,५००, परत मिळणारं. मग विमा, ११,०००. पावतीवर ८०जी छापलेलं बघून मी निर्धास्त. आता कळतं, ८०जी म्हणजे देणगीदाराला आयकरात मिळणारी सूट. मी देणगी देतच नव्हतो आणि आयकराशी माझा काय संबंध!

रविवार ठरला. साहेब रजेवर, म्हणून पुढचा रविवार. पोरगा टोपी घालून माझ्या रिक्षात बसून राहायचा. मग त्यांचा फोनच बंद झाला.

नवव्या दिवशी पोराच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचाच फोटो आला. वर लिहिलेलं, 'चिमुकल्याची शेवटची इच्छा', खाली क्यूआर कोड. फोन त्याच्याच हातात होता. ताईला विचारलंन, "शेवटची म्हणजे? मी मरणार काय?" डॉक्टर सांगत होते की औषधं लागू पडतायत, लहान मुलांमधला हा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो. त्यानंतर आठवडाभर पोरगा गोळ्या घेईना. माझे १९,६०० गेले त्याचं मला काही वाटेनासं झालं.

मग मी माहिती काढली, जी आधी काढायला हवी होती. मेक-अ-विश ही अशी जगभर चालणारी संस्था. १९८० साली अमेरिकेत अॅरिझोनात ल्युकेमिया झालेल्या सात वर्षांच्या मुलाला पोलीस व्हायचं होतं. तिथल्या पोलिसांनी त्याला गणवेश शिवून दिला, त्यातून ती उभी राहिली. भारतात १९९६ पासून आहे. ३ ते १८ वयाच्या, गंभीर आजार असलेल्या मुलांसाठी. मूल शेवटच्या अवस्थेत असावं लागत नाही, कितीतरी मुलं बरी होऊन मोठी होतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून खात्री करून घेतात आणि घरच्यांकडून एक पैसा घेत नाहीत. आमच्याकडे आलेल्यांनी डॉक्टरचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

पावतीवरचा नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर टाकला, तर तो भलत्याच ट्रस्टचा निघाला. पाच मिनिटांचं काम होतं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला, पोलिसांत तक्रारही दिली. पण तोवर खातं रिकामं. लगेच फोन केला असता तर बँकेला पैसे अडवता आले असते, असं तिकडून सांगितलं. मी लाजेने नऊ दिवस गप्प बसलो होतो.

फोटो अजून फिरतोय. गेल्या महिन्यात माझ्याच रिक्षातल्या एका गिऱ्हाइकाने दाखवला, म्हणाला, पाचशे पाठवले बिचाऱ्याला. त्याला काय सांगणार? सगळं सांगितलं, आणि फोटो त्याच्या मोबाइलमधून पुसायला लावला.

निळी टोपी, हनुवटीवर ओढलेला मास्क, मागे माडाची बाग. हा फोटो तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका. त्या पोराचे केस परत आलेत आणि तो शाळेत जातोय.