जमीन शिकायला गेलो आणि सव्वादोन लाख घालवून बसलो

हे पैसे माझे नव्हते, वडिलांच्या फंडाचे होते. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर एकतीस वर्षं उभं राहून त्यांनी ते साठवले. लिहिताना जड जातंय, पण माझ्यासारखी बरीच पोरं आज ‘सर, मला जमिनीतलं शिकवा’ म्हणत कुणाच्या तरी मागे फिरताहेत. त्यांनी हे वाचावं.

मला जमिनीच्या व्यवहारातलं ओ की ठो कळत नव्हतं. मित्राच्या ओळखीने एका ‘सरां’कडे गेलो. वर्षभराच्या मार्गदर्शनाची फी पंचवीस हजार, ती भरली. पहिल्याच भेटीत म्हणालो, “सर, मला काही कळत नाही. तुम्ही म्हणाल ते घेतो.” हा माणूस काहीच तपासणार नाही, हे त्यांना तिथेच कळलं.

पंधरा दिवसांत त्यांनी तुळजापूर रोडच्या आतल्या बाजूला पाच गुंठे दाखवले. चुन्याची आखणी, कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब. सुरत-चेन्नई महामार्गाचा नकाशा मोबाईलवर मोठा करून दाखवला. दुसरी पार्टी बार्शीहून निघालीय, संध्याकाळपर्यंत इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, हवा असं सांगितलं. मी दोन लाख दिले. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी झाली आणि ‘खरेदीखत नंतर करू’ असं ठरलं.

ते ‘नंतर’ काही येईना, तेव्हा सातबारा घेऊन निबंधक कार्यालयाजवळच्या एका जुन्या दस्तलेखक काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. खातेदारांत सात नावं. दोन बहिणी, आणि एका नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’; तो वारस अजून अल्पवयीन. माझ्या इसार पावतीवर सही त्या सातांतल्या एकट्या थोरल्या भावाची. ‘इतर हक्का’त सोसायटीचा बोजा, म्हणजे जमिनीवर कर्ज. मग पावती बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, “पोरा, तुझ्या घरात कुणाच्या नावावर शेती आहे का?”

नाही. आम्ही मागावरची माणसं.

“मग ही जमीन तू घेणार कशी?”

ती जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झालेलीच नव्हती. 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यात तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकायला मनाई, त्यामुळे पाच गुंठ्यांचं वेगळं खरेदीखत अडणारच होतं. नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही, ती नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. काकांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलेला प्रश्न सरांनी तीन महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. का, ते पावतीवर सही करणाऱ्या त्या थोरल्या भावाकडे गेल्यावर कळलं. माझ्या दोन लाखांतले सत्तर हजार सरांनीच घेतले होते.

माझं आता ठाम मत झालंय की जो शिकवतो, त्याच्याकडून जमीन घेऊ नये. शिकवणारा आणि विकणारा एकच असेल तर उठून यावं. अनुभवी माणसाकडे जाताना हात हलवत जाऊ नका. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो. तो काढा, समजेल तेवढा वाचा आणि जिथे अडलं तेवढंच विचारा. खरा जाणकार अशा प्रश्नाला वेळ देतो. ‘तुमच्या स्वतःच्या एखाद्या खरेदीचा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) बघायला मिळेल का?’ असंही नम्रपणे विचारा. मी सरांना हे कधीच विचारलं नाही, त्यांच्या गाडीकडेच बघत राहिलो. आणि प्लॉट एखाद्या प्रकल्पातला असेल तर प्रकल्प आणि एजंट दोघांचेही नोंदणी नंबर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, साइटवर टाकून बघा.

काका फी घेत नाहीत. मी त्यांचे अर्ज टाइप करून देतो, ते मला फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी, वाचायला शिकवतात. परवा एका उताऱ्यातला बोजा मी त्यांच्या आधी पकडला.

पोलिसांत तक्रार अर्ज दिलाय. सर फोन उचलत नाहीत. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत, फक्त रोज संध्याकाळी विचारतात, “काही कळलं का रे?”