हिंजवडीतील मोठ्या टेक कंपनीत सोळा महिने : वापरानंतरचा अनुभव

जून 2024 मध्ये पुण्यातील कर्वे रस्त्यावरील बावीस जणांची सॉफ्टवेअर कंपनी सोडून मी हिंजवडी फेज 3 मधील एका बहुराष्ट्रीय टेक कंपनीत रुजू झाले, आणि सप्टेंबर 2025 अखेर तेथे मला सोळा महिने पूर्ण झाले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे मांडलेले बहुतेक अनुभव अशा आकाराच्या इतर कंपन्यांतील मित्रमैत्रिणींनाही थोड्याफार फरकाने आले आहेत.

पगारापासून सुरुवात करते, कारण खरे सांगायचे तर मीही त्यासाठीच गेले होते. ऑफर लेटरवरील सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला आपल्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्याला भुलू नये. त्यात पीएफमधील कंपनीचा हिस्सा असतो, मूळ पगाराच्या 4.81 टक्के दराने धरलेली ग्रॅच्युइटी असते (कायम कर्मचाऱ्याने पाच वर्षे पूर्ण होण्याआधी राजीनामा दिला तर ती साधारणपणे मिळत नाही), आणि चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळणारे शेअरही असतात. माझ्या करारात शेअरचा पहिला हप्ता वर्ष पूर्ण झाल्यावरच होता. शेअर खात्यात जमा होतात त्या दिवसाच्या बाजारभावाने त्यांची किंमत पगारात धरली जाते, त्यावर स्लॅबनुसार कर लागतो, आणि त्या करापोटी माझे जवळजवळ एक तृतीयांश शेअर परस्पर विकले गेले. पुढे भाव कोसळला तरी भरलेला तो कर परत मिळत नाही. शेअर परदेशी कंपनीचे असल्यामुळे प्राप्तिकर विवरणपत्राचा सोपा फॉर्म, आयटीआर-1, भरता येत नाही, आणि विवरणपत्रातील शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात त्यांची नोंद जानेवारी ते डिसेंबर अशा कॅलेंडर वर्षानुसार करावी लागते. हे मला एचआरकडून कळले नाही, शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने सांगितले. हे सगळे वजा जाता हातात येणारी रक्कम जुन्या पगाराच्या दुपटीला टेकते, आणि आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा खर्च कंपनीच्या गटविम्यातून निघाला, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

शिकण्याच्या बाबतीत मात्र माझा अंदाज साफ चुकला. मोठ्या कंपनीत नवे तंत्रज्ञान शिकायला मिळेल असे वाटले होते. प्रत्यक्षात शिकले ती शिस्त. जुन्या ठिकाणी मी लिहिलेला कोड मीच तपासत असे आणि शुक्रवारी संध्याकाळी मीच सर्व्हरवर चढवत असे. येथे दोघांच्या रिव्ह्यूशिवाय एक ओळही पुढे सरकत नाही, आणि बदल आधी अगदी थोड्या वापरकर्त्यांपुरता सुरू करून मगच सर्वांसाठी खुला केला जातो. एकदा माझ्या चुकीमुळे एक सेवा चाळीस मिनिटे बंद पडली, तेव्हा झालेल्या बैठकीत कोणी चूक केली यापेक्षा ती आधीच्या तपासण्यांतून निसटली कशी, यावरच चर्चा झाली. त्या घटनेचा अहवाल लिहिताना मी जे शिकले, ते आधीच्या चार वर्षांत शिकले नव्हते.

पण याच शिस्तीची दुसरी बाजू अशी की काम फार हळू चालते. एका अहवालातील तारखेची मांडणी बदलायला मला सात आठवडे लागले. बदल तीन ओळींचा होता, पण तो अहवाल वापरणाऱ्या तीन टीमची संमती हवी होती, आणि त्यातील एक टीम सिएटलला असल्यामुळे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी येत असे. आपण बनवलेली वस्तू कोणीतरी वापरताना पाहण्याचे सुख येथे जवळजवळ नाही.

सर्वांत जास्त खटकते ते वार्षिक रेटिंग. मॅनेजर मंडळी बंद खोलीत बसून सर्वांची तुलना करतात, वरच्या श्रेणीच्या जागा मोजक्याच असतात, आणि आपली बाजू तेथे आपल्या मॅनेजरने किती जोर लावून मांडली यावर बरेच ठरते. त्यामुळे वर्षभर केलेल्या कामाइतकेच ते काम दिसत राहील याची काळजी घेणे हेही कामच होऊन बसते. मला हे जमत नाही, आणि माझे रेटिंग मधलेच आले.

प्रवासाविषयी पुणेकरांना वेगळे काय सांगावे! कर्वेनगरहून सकाळी साडेसातला निघाले तर पाऊण तास, नऊला निघाले तर भूमकर चौकातच धीर सुटतो. हिंजवडीजवळचे माण ते शिवाजीनगर या 23 स्थानकांच्या मेट्रोमार्गाचे भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झाले. सोळा महिन्यांत त्या मेट्रोचे खांब रोज पाहिले, तिच्यात बसण्याचा योग मात्र आला नाही. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात येणे सक्तीचे आहे आणि कार्ड पंच केल्याची नोंद मॅनेजरकडे जाते.

एवढे असूनही मी राजीनामा दिलेला नाही. नोटिस पिरियड 90 दिवसांचा आहे आणि शेअरचा पुढचा हप्ता डिसेंबरमध्ये आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की टीममध्ये वर्ष पूर्ण झाल्यावर कंपनीतच दुसरीकडे अर्ज करता येतो, आणि मी तसा केला आहे. ती टीम आठ जणांची आहे, तिचे वापरकर्ते पुण्याच्याच कार्यालयात बसतात, आणि मुलाखतीत मी सर्वांत आधी हेच विचारून घेतले की एखादा छोटा बदल करायला येथे किती जणांची संमती लागते.